सांधे धरणं म्हणजे मागच्या जन्माचे भोग नव्हेत



आमच्या धामणगाव बढेच्या वस्तीत रविवारी सगळे वंदनेला जमतात. मागच्या वर्षावासात एका रविवारी शेजारी बसलेल्या ताईकडे माझं लक्ष गेलं. तिने हात जोडले होते, पण तळव्याला तळवा टेकत नव्हता. बोटांची मधली पेरं फुगलेली, दोन्ही मनगटं सुजलेली. वय चाळीसच्या आत. वंदना संपल्यावर मी तिला बाजूला घेतलं.

"दोन सालं झाले, सिस्टर," ती म्हणाली. "सकायी उठलं की बोटं वयतच नाहीत. भाकर थापता येत नाही, कापूस वेचाले जाता येत नाही. सासूबाई म्हणतात, मांगच्या जन्माचे भोग हायेत, भोगूनच सारा लागते."

ही दोन वर्षं ती कुठून तरी कागदात बांधलेल्या पुड्या आणून खात होती. पुडीवर औषधाचं नाव नाही, सोबत चिठ्ठी नाही. पुडी खाल्ली की दुखणं पळायचं, संपली की दुपटीने परतायचं. चेहरा मात्र गोल आणि सुजट झाला होता. नर्सिंगच्या नोकरीत असे चेहरे मी पुष्कळ पाहिले आहेत. नाव न लिहिलेल्या पुडीत बहुतेक वेळा स्टिरॉइड निघतं.

मी म्हटलं, "ताई, हे मागच्या जन्माचं नाही. तुझ्या शरीरात आज काय चाललंय ते शास्त्रज्ञांनी उंदरांवर अभ्यास करून शोधलंय, आणि त्यावर औषध आहे."

ती हसली. "उंदराचा न् माह्या बोटाचा काय संबंध?"

तिच्या या प्रश्नाचं उत्तर विहाराच्या पायरीवर उभ्या उभ्या देता आलं नाही. म्हणून या महिन्याचं आरोग्याचं पान त्याच्यासाठी.

आधी दोन संधिवात वेगळे करू

आपण सगळ्याच सांधेदुखीला 'वात' म्हणतो. पण मुख्य प्रकार दोन आहेत. एक झिजेचा. तो वय वाढल्यावर येतो, जास्त करून गुडघ्यात, आणि चालल्यावर, वजन उचलल्यावर वाढतो. दुसरा सुजेचा. डॉक्टर त्याला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, वैद्य आमवात म्हणतात. हा तिशी-चाळिशीतही येतो, पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी जास्त होतो, आणि दोन्ही हातांचे लहान सांधे एकदम धरतो. यात सकाळी आखडलेले हात तासभर तरी मोकळे होत नाहीत. मग काम करता करता जरा सुटतात.

पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने १९९६ पासून घरोघरी जाऊन लोकांना सांध्यांबद्दल विचारलं. चार हजारांहून जास्त प्रौढांची पाहणी झाली. शंभरातल्या अठरा जणांना सांधे, स्नायू किंवा हाडांचं दुखणं होतं. सुजेचा संधिवात मात्र हजारात साधारण पाच जणांना होता. पाच ही संख्या लहान वाटते. पण पाच हजार प्रौढांच्या गावात असे पंचवीस जण निघतील, आणि त्यातल्या बहुतेक हात राबवून पोट भरणाऱ्या बाया असतील.

राखणदारच घरावर उलटतो

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. जंतू आला की त्याला ओळखायचं, मारायचं आणि पुढच्या वेळेसाठी त्याची ओळख लक्षात ठेवायची, हे त्यांचं काम. या सगळ्या व्यवस्थेला आपण प्रतिकारशक्ती म्हणतो. सुजेच्या संधिवातात हे राखणदार आपल्याच सांध्याला परका समजतात. सांध्याचं अस्तर सुजतं, कुर्चा म्हणजे सांध्यातली गादी खाल्ली जाते, मग हाडाला खड्डे पडतात आणि बोटं वाकडी होतात.

म्हणजे या आजारात प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, ती भरकटलेली असते. 'ताकद येण्यासाठी' बाटल्या पिऊन हा आजार जात नाही, त्याचं कारण हेच.

उंदीरच का?

आपल्याकडे पेशंट येतो तेव्हा आजार सुरू होऊन महिने, कधी वर्षं उलटलेली असतात. पहिल्या दिवशी सांध्यात काय घडलं, हे माणसात पाहताच येत नाही. सूज येण्याआधी चांगला सांधा उघडून बघू द्यायला कोण तयार होईल?

उंदराची प्रतिकारशक्ती पुष्कळशी आपल्यासारखीच चालते. त्याच प्रकारच्या पांढऱ्या पेशी, तशाच अँटिबॉडी, आणि आपल्या बहुतेक जनुकांना उंदरात जोडीदार जनुक सापडतं. उंदरीण तीन आठवड्यांत विते, म्हणून पिढ्यांचा अभ्यास लवकर होतो. आपण कापसाचं किंवा सोयाबीनचं वाण ओळखतो, तशी प्रयोगशाळेत उंदरांची वाणं असतात. पिढ्यानपिढ्या जवळच्या नात्यात पैदास करून एका वाणातले सगळे उंदीर जुळ्या भावंडांसारखे एकसारखे केलेले असतात. 'डीबीए' नावाचं फिकट तपकिरी वाण १९०९ पासून पाळलं जातंय.

कुर्चेत कोलॅजेन नावाचं प्रथिन असतं. गाईच्या किंवा कोंबडीच्या कुर्चेतून ते काढून, तेल आणि मेलेले क्षयजंतू यांच्यासोबत घोटून उंदराला टोचतात. तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा टोचतात. त्यानंतर काही दिवसांत त्याचे पंजे लाल होऊन सुजतात. राखणदारांनी परकं कोलॅजेन ओळखायला शिकलेलं असतं, पण ते उंदराच्या स्वतःच्या कोलॅजेनशी इतकं मिळतंजुळतं असतं की हल्ला स्वतःच्या सांध्यावरही होतो. ही रीत १९७७ साली मोठ्या उंदरांत, म्हणजे रॅटमध्ये दिसली आणि १९८० साली छोट्या उंदरांत बसवली गेली. आता आजाराचा पहिला दिवस ठाऊक होता. कोणती पेशी आधी आली आणि हाड कधी खाल्लं गेलं, हे दिवसागणिक बघता आलं.

रक्तातून काय येतं आणि काय येत नाही

कोलॅजेनचं तेच इंजेक्शन डीबीए वाणाच्या उंदराला दिलं तर पंजे सुजतात. काळ्या रंगाचं एक प्रसिद्ध वाण आहे, त्याला दिलं तर बहुतेकांना काही होत नाही. फरक जनुकांचा. त्यातला मोठा फरक ज्या जनुकांत सापडला, ती शरीरात आलेल्या पदार्थांचे तुकडे राखणदारांना धरून दाखवण्याचं काम करतात. माणसात त्यांना एचएलए म्हणतात. ही जनुकं म्हणजे ताट समजा. प्रत्येकाच्या ताटाचा आकार वेगळा. काही आकारांत आपल्याच सांध्याचे तुकडे असे काही बसतात की राखणदार फसतो. १९८७ साली असं दिसून आलं की सुजेचा संधिवात असलेल्या बऱ्याच माणसांच्या ताटात एक छोटासा भाग सारखाच असतो. पुढे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. चेला डेव्हिड आणि डॉ. वीणा तनेजा यांनी माणसाचं हे जनुक उंदरात घातलं आणि ते उंदीर कसे आजारी पडतात याचा अभ्यास केला.

इथवर वाचून कोणी म्हणेल, "म्हणजे नशिबातच होतं ना?" नाही. पुढचा प्रयोग त्यासाठीच सांगते.

जपानमध्ये शास्त्रज्ञ साकागुची यांच्या प्रयोगशाळेत उंदरांचं एक वाण सापडलं. त्यांच्या एका जनुकात फक्त एका अक्षराची चूक होती, आणि तेवढ्यामुळे त्यांचे सांधे आपोआप सुजत. हा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. पण तेच उंदीर जंतूंपासून जपून, अगदी स्वच्छ जागेत वाढवले तेव्हा जनुकातली चूक तशीच असूनही सांधे सुजले नाहीत. त्या स्वच्छ उंदरांना बुरशीच्या कवचातला एक घटक टोचला, आणि आजार उफाळला. जनुक तेच, चूक तीच. फरक फक्त परिस्थितीचा.

माणसातही हेच दिसतं. एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांची जनुकं सारखीच असतात. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात, एकाला सुजेचा संधिवात असेल तर दुसऱ्या जुळ्यालाही तो शंभरात साधारण पंधराच वेळा आढळला. जनुक म्हणजे शिक्षा असती तर शंभरच्या शंभर जोड्यांत दोघेही आजारी पडले असते.

म्हणून सासूबाईंना माझं सांगणं असं. रक्तातून आजाराचा कल येतो, आजार येत नाही. तो कलही आईबापांकडून येतो, मागच्या जन्माकडून नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मागच्या जन्मीच्या कर्माची कल्पना नाकारली आहे. सुनेला 'भोग' म्हणून घरात बसवणं हे धम्मालाही धरून नाही आणि शास्त्रालाही नाही.

परिस्थितीतल्या दोन गोष्टी माणसांच्या अभ्यासात ठळकपणे दिसल्या आहेत. एक विडी-सिगारेट. तिच्या धुराने फुप्फुसातल्या प्रथिनांत बदल होतो, आणि ताटाचा तो ठरावीक आकार असणाऱ्यांत राखणदार त्यावर बिथरतात. दुसरी दगडाची बारीक धूळ. खडी क्रशरवर, दगडखाणीत, दगड घडवण्याच्या कामावर आपलीच माणसं जास्त आहेत. दगडावर पाणी मारून काम करणं आणि चांगला मास्क मिळणं हा मजुराचा हक्क आहे. तो मागताना फुप्फुसांबरोबर सांध्यांचंही नाव घ्या.

उंदरापासून औषधापर्यंत

पांढऱ्या पेशी एकमेकींना रासायनिक निरोप पाठवतात. त्यातल्या एका निरोपाचं नाव टीएनएफ. १९९१ साली ग्रीसमधल्या कोलियास यांच्या गटाने माणसाचं टीएनएफचं जनुक उंदरात घालून ते जास्त चालेल असं केलं. कोलॅजेन नाही, इंजेक्शन नाही, तरी त्या उंदरांचे सांधे सुजले. टीएनएफ अडवणारी अँटिबॉडी दिली तर सुजले नाहीत. म्हणजे एवढा एक निरोपच पुरेसा होता.

लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले डॉ. रविंदर मैनी याच निरोपाच्या मागावर होते. १९९२ साली त्यांच्या गटाने दाखवलं की कोलॅजेनने आजारी पडलेल्या उंदरांत, सूज सुरू झाल्यानंतरही टीएनएफ अडवला तर सांधे वाचतात. त्याच वर्षी चेरिंग क्रॉस हॉस्पिटलमध्ये माणसांवर पहिली चाचणी सुरू झाली. वीस पेशंट होते. पुष्कळांची सूज काही दिवसांतच उतरली. त्या औषधाच्या अँटिबॉडीचा एक भाग उंदराचाच होता. आज या गटातली बरीच औषधं आहेत. २०१४ साली झायडस या भारतीय कंपनीने त्यातल्या अडालिमुमॅबची कमी किमतीची आवृत्ती आणली. ती आधीपेक्षा स्वस्त असली, तरी मजुराच्या खिशाला महागच आहे.

उंदराने एक इशाराही दिला होता. १९९५ साली दिसलं की टीएनएफ अडवलेल्या उंदरांना क्षयाची लागण केली तर ते फार लवकर मरतात. क्षयजंतूला फुप्फुसात कोंडून ठेवण्याचं काम हाच निरोप करतो. पुढे २००१ साली ही सुई घेणाऱ्या माणसांत क्षय उफाळल्याच्या सत्तर केसेस नोंदल्या गेल्या. आपल्या वस्त्यांत टीबी घराघराला माहीत आहे. म्हणून ही सुई घेण्याआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची तपासणी झालीच पाहिजे. डॉक्टर विसरले तर तुम्ही आठवण करून द्या.

पुण्यात चाललेलं काम

असा अभ्यास परदेशातच होतो असं नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. तिथे डॉ. मोहन वाणी यांच्या गटाने हाड खाणाऱ्या पेशींचा अभ्यास केला. अशा पेशी प्रत्येकाच्या शरीरात असतात. त्या जुनं हाड खातात, दुसऱ्या पेशी नवं बांधतात. संधिवातात खाणाऱ्या पेशी माजतात. या गटाने २००३ साली दाखवलं की 'आयएल-३' नावाचा निरोप मिळाला तर हाड खाणारी पेशी तयारच होत नाही, ती दुसऱ्या वाटेला लागते. २००९ आणि २०११ साली त्यांनी संधिवाताच्या उंदरांत हा निरोप दिला. आजार कमी झाला, आणि राखणदारांना आवर घालणाऱ्या पेशी वाढल्याचं दिसलं. हे अजून दवाखान्यात मिळणारं औषध नाही. उंदरापासून माणसापर्यंतची वाट लांब असते.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे

ही वाट लांब असण्याला कारण आहे. डीबीए वाणात नर जास्त आजारी पडतात, माणसात बायका. वीणा तनेजा यांच्या गटाने माणसाचं जनुक घातलेलं असं वाण तयार केलं की त्यात मादी जास्त आजारी पडते. त्यांचं काम २००७ साली आलं. म्हणजे उंदीर जितका आपल्याजवळ आणावा तितका खरं सांगतो, पण पूर्ण खरं कधीच सांगत नाही. पिंजऱ्यातल्या उंदराचं वय, खाणं, जागा सगळं सारखं असतं. त्याला ना बाळंतपणं, ना उपास, ना क्रशरची धूळ.

सध्या कोलॅजेनच्या पावडरींच्या जाहिराती येतात, तिथे हे आठवा. आजाराआधी तोंडावाटे कोलॅजेन दिलं तर उंदरांचे सांधे वाचतात, हे खरं होतं. १९९३ साली माणसांच्या एका छोट्या चाचणीतही आशा दिसली. पण पुढच्या चाचण्यांत सुजेच्या संधिवातावर तो फायदा पक्का ठरला नाही. 'शास्त्रीय प्रयोगाने सिद्ध' असं डब्यावर दिसलं की विचारा, प्रयोग कोणावर? उंदरावर की माणसावर?

मग पाणातिपाताचं काय?

हा प्रश्न वंदनेला येणाऱ्या एका आजीने मला केला. "आपण पंचशील घेतो, प्राण्याची हत्या करणार नाही म्हणतो. मग हे उंदीर?"

आजीचा प्रश्न टाळण्यासारखा नाही. त्या उंदराला दुखतं. अभ्यास संपला की बहुतेक उंदीर मारलेही जातात. यज्ञातल्या बळीला बुद्धांनी विरोध केला, कारण त्यात कोणाचंही दुःख कमी होत नव्हतं. बाबासाहेबांनी त्याच ग्रंथात अहिंसेबद्दल लिहिताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यात फरक केला आहे. माझ्या मते कसोटी तीच. गरज खरी आहे का? दुसरा मार्ग आहे का? दुःख कमीत कमी केलं का? शास्त्रज्ञांचा नियमही असाच आहे. १९५९ पासून तीन गोष्टी सांगितल्या जातात: प्राण्याऐवजी दुसरं काही चालत असेल तर ते वापरा, प्राण्यांची संख्या कमी ठेवा, आणि त्यांचा त्रास कमी करा. आपल्या देशात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली समिती आहे. प्रत्येक संस्थेत प्राण्यांसाठीची नीती समिती लागते, आणि तिच्या परवानगीशिवाय प्रयोग करता येत नाही. मी आजीला म्हटलं, त्या उंदरांमुळे कळलेली गोष्ट आपण वापरली नाही आणि ताईची बोटं भोग म्हणून वाकडी होऊ दिली, तर ते प्राण वाया गेले.

घरात हे करा

१. सकाळी हात तासभर आखडलेले राहतात, दोन्ही हातांची पेरं किंवा मनगटं सुजतात आणि हे सहा आठवड्यांपेक्षा जास्त चाललंय, असं असेल तर थांबू नका. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तिथून बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयाची किंवा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयाची चिठ्ठी मागा. पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झालं तर हाडाला खड्डे पडण्याआधीच आजार आवरता येतो.

२. ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या रक्ताच्या तपासण्या असतात. आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणून आजार नाही असं होत नाही.

३. बहुतेकांना महागडी सुई लागत नाही. मेथोट्रेक्सेट ही जुनी, स्वस्त गोळी पुष्कळांचं काम भागवते. पण ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घटतात, जीवही जातो. वार ठरवा आणि कॅलेंडरवर लिहा. सोबत फॉलिक अॅसिड डॉक्टर सांगतील तसं घ्या. दारू बंद. वेळोवेळी रक्त तपासा. गरोदरपणात ही गोळी चालत नाही. मूल हवं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

४. बिननावाची पुडी घेऊ नका. पण बरेच दिवस घेत असाल तर एका दिवसात बंदही करू नका, जिवाला धोका होतो. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

५. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचा उपचार बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा.

६. सूज जास्त असेल तेव्हा सांध्याला आराम द्या. सूज उतरली की हात रोज हलवा.

ताईला आम्ही अकोल्याला नेलं. आता तिची सोमवारची गोळी असते. भाकर थापता येते. उजव्या हाताची दोन बोटं मात्र वाकडीच राहिली. दोन वर्षं आधी कोणी तिचे हात हातात घेऊन पाहिले असते, तर तीही वाचली असती.

म्हणून आमच्या विहारात आम्ही ठरवलं आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदनेनंतर पंधरा मिनिटं थांबायचं आणि एकमेकींचे हात बघायचे. तुमच्याही वस्तीत सुरू करा. त्याला ना पैसा लागतो, ना मशीन.

नमो बुद्धाय. जय भीम.